पोटांतले सोबती आणि आतड्यांचा दाह

जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला, आळेफाट्यावरून नगरकडे जाणारा रस्ता घाट चढून ज्या कोरड्या पठारावर येतो, त्या पठारावरील आणे हें गांव रंगदासस्वामींच्या यात्रेसाठीं प्रसिद्ध आहे. थंडीच्या दिवसांत भरणाऱ्या या यात्रेंत प्रसाद मिळतो तो पेढ्यांचा किंवा साखरफुटाण्यांचा नव्हे; मोठमोठ्या कढयांत शिजलेली झणझणीत आमटी आणि तींत कुस्करून खावयाची बाजरीची भाकरी हाच तेथील महाप्रसाद. पठारावर पाऊस थोडा, विहिरींना पाणी त्याहून थोडें. तेव्हां कोरडवाहू धान्यें आणि कडधान्यें पिकवावयाचीं व तींच खावयाचीं, हा तेथील पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. पंक्तीला बसलेला मनुष्य भाकरीचा शेवटचा घांस घेऊन हात धुतो, तेव्हां त्याच्या समजुतीप्रमाणें जेवण आटोपलेलें असतें. शरीराच्या दृष्टीनें पाहिलें तर जेवणाची दुसरी पंगत अजून बसावयाची असते, आणि त्या पंगतीचे मानकरी निराळेच असतात.

बाजरीच्या दाण्याचें आवरण, डाळीच्या सालींतील तंतू आणि पिष्टाचा कांहीं चिवट अंश यांना फोडण्याचें सामर्थ्य मनुष्याच्या पाचक रसांत नाहीं. जठर आणि लहान आतडें ओलांडून हा भाग कांहीं तासांनीं मोठ्या आतड्यांत येऊन पडतो. तेथें प्राणवायु जवळजवळ नाहींच. पण वस्ती मात्र एवढी दाट आहे कीं, पृथ्वीवरील कोणत्याही शहराला ती लाजवील. २०१६ सालीं इस्राएलमधील संशोधकांनीं केलेल्या हिशेबाप्रमाणें साधारण ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरांत सुमारें ३८ लक्ष कोटी जंतू राहतात, आणि त्यांतील बहुतेक सारे या मोठ्या आतड्यांत. शरीराच्या स्वतःच्या पेशींची संख्या सुमारें ३० लक्ष कोटी. म्हणजे संख्येनें पाहुणे यजमानापेक्षां कांकणभर अधिकच. वजन मात्र सर्वांचें मिळून २०० ग्रॅमच्या आसपास, जुन्या मापानें पुरता पावशेरही नाहीं.

हे जंतू फुकटचे पोसलेले नाहींत. भाकरीचा जो भाग मनुष्याला पचला नाहीं तो ते आंबवितात, आणि त्यांतून तीन आम्लें मुख्यतः निघतात: असेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. यांपैकीं तिसरें विशेष महत्त्वाचें. खवट लोण्याला जो उग्र वास येतो तो याच आम्लाचा. पण ज्याच्या वासानें नाक मुरडावें तेंच मोठ्या आतड्याच्या अस्तराचें मुख्य अन्न आहे. शरीरांतील इतर पुष्कळ पेशी रक्तांतून येणाऱ्या साखरेवर निर्वाह करतात. या अस्तराच्या पेशी मात्र आपल्या शक्तीचा मोठा हिस्सा जंतूंनीं बनविलेल्या या आम्लापासून मिळवितात. अस्तरावर चिकट श्लेष्म्याचे दोन थर असतात. बाहेरच्या थरांत जंतू वावरतात. आंतला थर घट्ट असून त्यांत त्यांना सहसा शिरकाव मिळत नाहीं. त्या थरापलीकडे शरीराचें रक्षक दल, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, खडा पहारा देत असतात. मजा अशी कीं, या रक्षकांना समोर लक्षावधि परके जंतू दिसत असूनही ते तुटून पडत नाहींत. परका दिसला कीं मारावयाचा, हा त्यांचा एरवींचा शिरस्ता. पण आतड्यांत ते सलोख्यानें वागतात, आणि हा सलोखा टिकविण्याला ब्युटिरिक आम्लाचाही हातभार लागतो.

या जंतुसृष्टीविषयींची बहुतेक माहिती युरोप आणि अमेरिका येथील लोकांच्या तपासणीवरून जमविलेली आहे. ती आपल्याकडेही जशीच्या तशी लागू पडते काय, हा प्रश्न पुण्यांतील संशोधकांनीं हातीं घेतला. नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आणि आघारकर संशोधन संस्था येथील नचिकेत मराठे, सुदर्शन शेट्टी, विक्रम लांजेकर, दिलीप रानडे आणि योगेश शौचे यांनीं २०१२ सालीं एक लहानसा पण मार्मिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनीं दोन भारतीय कुटुंबें निवडलीं; प्रत्येक कुटुंबांतून तीन पिढ्यांची एकेक व्यक्ति, सर्व एका छपराखालीं राहणारीं. आजा, बाप आणि नातू एका घरांत नांदत असावे ही गोष्ट आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली आहे कीं, ती शास्त्रीय साधनही होऊं शकेल हें सहसा सुचत नाहीं. घर एक असल्यामुळें राहणीचा फरक बराचसा बाजूला पडतो आणि वयाचा फरक तेवढा उठून दिसतो. या सहा माणसांच्या विष्ठेंतून प्राणवायूच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे जे २२ जंतू वेगळे काढून वाढविण्यांत आले, त्यांपैकीं ६ अद्याप कोणीं वर्णन न केलेल्या जातींचे असावेत असें आढळलें. शिवाय, वाढत्या वयाबरोबर ‘फर्मिक्यूट्स’ हा जंतुवर्ग कमी होत गेला आणि ‘बॅक्टेरॉइडीट्स’ हा वाढत गेला. युरोपीय लोकांत पूर्वीं नोंदलेली चाल याहून वेगळी होती. सहा माणसांवरून राष्ट्राचा निष्कर्ष काढतां येत नाहीं, आणि संशोधकांनींही तो काढलेला नाहीं. पण शोधाची दिशा ठरली. २०१४ सालीं मनुष्याच्या विष्ठेंतून मिळालेल्या एका जंतूला ‘मेगास्फेरा इंडिका’ असें नांव याच मंडळींनीं दिलें, आणि भारतीयांच्या आतड्यांत ‘प्रिव्होटेला’ व ‘मेगास्फेरा’ या जातींचें प्रमाण अधिक असतें असें २०१६ सालीं पुण्यांतूनच प्रसिद्ध झालें. धान्य, डाळी आणि भाजीपाला यांवर राहणाऱ्या लोकांत प्रिव्होटेलाची वस्ती मोठी असते, हें इतर देशांतही दिसून आलेलें आहे.

आतां हा सलोखा बिघडला म्हणजे काय होतें तें पाहावयाचें. आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे मुख्य प्रकार दोन. पहिला ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’. हा फक्त मोठ्या आतड्याला होतो. गुदद्वारापासून सुरुवात होऊन दाह वर सरकत जातो आणि अस्तरावर व्रण पडतात. दुसरा ‘क्रोन’ याच्या नांवानें ओळखला जाणारा. बरिल क्रोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं न्यूयॉर्कमध्यें १९३२ सालीं त्याचें वर्णन केलें. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेंही होऊं शकतो, मधला भाग निरोगी सोडून ठिकठिकाणीं होतो, आणि आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडींत उतरतो. त्यामुळें आतडें अरुंद होणें, त्याला आरपार छिद्र पडणें असे अनर्थ त्यांत घडतात. दोन्ही रोग बहुधा तरुणपणीं गांठतात. कांहीं महिने बरे जातात, मग पुन्हां उठाव होतो, आणि असें वर्षानुवर्षें चालतें.

उंदरांवरील प्रयोगांनीं एक गोष्ट स्पष्ट केली आहे. दाह आवरणारें एक विशिष्ट द्रव्य ज्यांच्या शरीरांत तयार होत नाहीं असे उंदीर साध्या पिंजऱ्यांत वाढविले तर त्यांच्या आतड्यांना दाह होतो. तेच उंदीर पूर्णपणें निर्जंतुक वातावरणांत वाढविले तर होत नाहीं. म्हणजे आग लागावयाला प्रतिकारशक्तींतील दोष आणि जंतू, अशीं दोन्ही सरपणें लागतात. रोग्यांच्या आतड्यांत जंतूंचें वैविध्य कमी झालेलें आढळतें, आणि ब्युटिरिक आम्ल तयार करणारा ‘फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी’ नांवाचा जंतु क्रोनच्या रोग्यांत विशेष रोडावलेला असतो, हें फ्रेंच संशोधकांनीं २००८ सालीं दाखविलें. मात्र जंतू गेले म्हणून रोग झाला, कीं रोग झाला म्हणून जंतू गेले, हा बीज आधीं कीं वृक्ष आधीं अशाच जातीचा वाद आहे.

हे रोग थंड देशांतील गोऱ्या लोकांचे, आपल्याकडे ते नाहींत, असा समज आपल्या वैद्यकांतही बराच काळ होता. तो खोटा ठरला आहे. इंग्लंडमधील लेस्टर शहरांत १९८० नंतरच्या दशकांत पाहणी झाली, तेव्हां तेथें राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचें प्रमाण तेथील गोऱ्या लोकांपेक्षांही अधिक आढळलें. रक्त तेंच, बदलली ती राहणी, अन्न आणि हवा. पुढें पंजाबांत झालेल्या पाहणींतही हा रोग मुळींच दुर्मिळ नसल्याचें दिसून आलें. खेडें सोडून शहराकडे जाणाऱ्या माणसाबरोबर त्याच्या पोटांतली वस्तीही स्थलांतर करते, आणि नव्या जागीं तिला बाजरीऐवजीं मैदा मिळतो. हा फरक रोगाला कितपत कारण होतो याचा हिशेब अजून पुरा झालेला नाहीं.

येथें घरांतील वडील माणसांनीं लक्षांत ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. शौचावाटें रक्त पडूं लागलें कीं ‘मूळव्याध असेल’ असें म्हणून महिनेच्या महिने काढले जातात. संकोचामुळें तरुण मुलेंमुली तर घरींही बोलत नाहींत. रक्त, आंव, रात्रीं झोपेंतून उठवणारी शौचाची घाई, वजन घटणें, बारीक ताप, हीं लक्षणें कांहीं आठवड्यांवर टिकलीं तर दुर्बिणीनें आतड्याची तपासणी करणें अवश्य होय. आपल्या देशांत तर याला आणखी एक कारण आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग हे दिसावयाला जुळ्या भावांसारखे असतात; दोन्ही बहुधा लहान व मोठें आतडें जेथें मिळतें तेथेंच ठाण मांडतात, आणि निष्णात डॉक्टरही कधीं कधीं फसतात. क्षयाला क्रोन समजून प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें दिलीं तर क्षय बळावतो. क्रोनला क्षय समजून महिनेन् महिने क्षयाचीं औषधें दिलीं तर मूळ रोग आंतल्या आंत आतडें पोखरीत राहतो.

जंतूंनींच जंतूंची दुरुस्ती करावी ही कल्पना मात्र या रोगांच्या आजच्या ज्ञानापेक्षां जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें, मोठ्या आतड्यांतील कुजविणाऱ्या जंतूंमुळें वार्धक्य लवकर येतें आणि आंबविलेल्या दुधांतील जंतू त्यांना आळा घालतात, असें प्रतिपादन केलें. त्याला १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें निराळ्या शोधाबद्दल. पण त्या कीर्तीच्या जोरावर युरोपभर आंबट दूध पिण्याची लाट उसळली. ताकाला अमृत मानणाऱ्या देशाला यांत नवल वाटण्याचें कारण नव्हतें. मेच्निकॉफ स्वतः १९१६ सालीं, ७१ व्या वर्षीं निवर्तला. त्या काळाच्या मानानें हें वय वाईट नव्हे, परंतु त्यानें वर्तविलेल्या दीर्घायुष्याच्या मानानें फारसें मोठेंही नव्हे. त्याच सुमारास, म्हणजे १९१७ सालीं, जर्मनींतील आल्फ्रेड निसल यानें निराळा मार्ग धरला. पहिल्या महायुद्धांत ज्या ठिकाणीं सैनिक हगवणीनें पटापट आजारी पडत होते, तेथें एक सैनिक निरोगी राहिला. त्याच्या विष्ठेंतून निसलनें ‘ई. कोलाय’ जातीचा एक विशिष्ट वंश वेगळा काढला, आणि तो आजही त्याच्याच नांवानें औषध म्हणून विकला जातो.

येथें दहीं आणि औषध यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. घरचें दहीं हें उत्तम अन्न आहे याबद्दल वाद नाहीं. पण प्रत्येक घरचें विरजण वेगळें. त्यांत कोणते जंतू आहेत, किती आहेत, जठरांतील आम्लांतून त्यांपैकीं किती जिवंत पार पडतात, हें कोणी मोजलेलें नसतें. जे पार पडतात तेही सहसा आतड्यांत घर करीत नाहींत. धर्मशाळेंतल्या उतारूंप्रमाणें चार दिवस राहून निघून जातात. ज्यांना ‘प्रोबायोटिक’ म्हणावयाचें त्या जंतूंची व्याख्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषि संघटना यांच्या तज्ज्ञांनीं २००१ सालीं ठरविली: जिवंत असले पाहिजेत, पुरेशा संख्येनें दिलेले असले पाहिजेत, आणि त्यांपासून प्रकृतीला लाभ झालेला असला पाहिजे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें जैवतंत्रज्ञान विभागाबरोबर २०११ सालीं जे नियम सुचविले त्यांत जंतूचा नेमका वंश सांगण्यावर भर आहे, आणि तें योग्यच आहे. एकाच जातीचे दोन वंश गुणांनीं सख्ख्या भावांइतकेही सारखे नसतात. औषधाच्या दुकानांतील पुडीवर नुसतें ‘मित्र जंतू’ लिहिलेलें असेल तर त्यावरून कांहींच कळत नाहीं.

मग आतड्यांच्या दाहावर यांचा उपयोग होतो काय? उत्तर रोगागणिक वेगळें येतें. निसलच्या जंतूची परीक्षा अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत असलेल्या ३२७ रोग्यांवर झाली. तिचा अहवाल २००४ सालीं प्रसिद्ध झाला. वर्षभरांत जंतु घेणाऱ्यांपैकीं शेकडा ३६ जणांचा रोग उलटला, आणि नेहमींचें मेसालाझीन हें औषध घेणाऱ्यांपैकीं शेकडा ३४ जणांचा. जंतु औषधाच्या तोडीचा ठरला. त्याहून सरस मात्र नव्हे. आठ वंशांचें एक मिश्रण भारतांतच पारखलें गेलें. लुधियाना येथील अजित सूद आणि देशांतील त्यांचे सहकारी यांनीं रोगाचा सौम्य ते मध्यम उठाव असलेल्या १४७ रोग्यांना दोन गटांत वांटून २००९ सालीं निष्कर्ष दिला. १२ आठवड्यांनीं मिश्रण घेणाऱ्या ७७ पैकीं ३३ जणांचा रोग शमला. निरुपद्रवी पूड घेणाऱ्या ७० पैकीं ११ जणांचा. हे आंकडे आशादायक खरेच. पण मात्रा पाहिली पाहिजे: दिवसांतून दोन वेळां, दर वेळीं ३ लक्ष ६० हजार कोटी जंतू. बाजारांतील साध्या कॅप्सूलमध्यें याचा अगदीं क्षुल्लक अंश असतो.

सर्वांत ठळक यश मिळालें तें एका अनपेक्षित ठिकाणीं. अल्सरेटिव्ह कोलायटिस औषधांना दाद देईनासा झाला म्हणजे मोठें आतडें काढून टाकून लहान आतड्याच्या टोकाची पिशवी शिवतात. या पिशवीलाही पुढें दाह होऊं शकतो. इटलींत ४० रोग्यांवर झालेल्या परीक्षेंत (२०००) तेंच आठ वंशांचें मिश्रण नऊ महिने घेणाऱ्या २० पैकीं १७ जण चांगले राहिले. न घेणाऱ्या वीसच्या वीस जणांचा दाह उलटला. आणि त्या सतरा जणांनींही मिश्रण थांबवितांच चार महिन्यांच्या आंत सर्वांचा दाह परत आला. उतारू धर्मशाळेंत राहत नाहींत, हें येथें पुन्हां दिसलें.

क्रोनच्या रोगांत मात्र निराशाच पदरीं पडली आहे. निरनिराळे जंतू आणि एक जातीचें यीस्ट देऊन पाहिलें. भरंवशाचा लाभ कोणत्याही मोठ्या परीक्षेंत दिसला नाहीं. हा सर्व पुरावा तपासून अमेरिकेंतील पचनरोग तज्ज्ञांच्या संघानें २०२० सालीं असा सल्ला दिला कीं, पिशवीच्या दाहांत आठ वंशांचें मिश्रण देण्यास हरकत नाहीं. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन यांत मात्र प्रोबायोटिक संशोधनाच्या चौकटींतच द्यावेत.

‘उपयोग झाला नाहीं तरी अपाय तर होणार नाहीं’ हें वाक्य अशा वेळीं घरोघर ऐकूं येतें. तें सर्वस्वीं खरें नाहीं. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहानें अत्यवस्थ झालेल्या रोग्यांना नेदरलंड्समध्यें असे जंतू नळीवाटें देण्यांत आले. १५२ पैकीं २४ दगावले, आणि ज्यांना जंतू दिले नाहींत अशा १४४ पैकीं ९. हा अहवाल २००८ चा. रोग निराळा, रोगी मरणोन्मुख. तरीही प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें घेणाऱ्या माणसानें जिवंत जंतूंची पुडी डॉक्टरला न विचारतां उघडूं नये एवढें त्यावरून खास ठरतें. खरा धोका तर याहून साधा आहे. कोणी चार दिवस ताक पिऊन बरें वाटलें म्हणून मेसालाझीन सोडून देतो. रोगाचा उतार त्याच्या स्वभावानेंच आलेला असतो, आणि पुढचा उठाव रुग्णालयांत नेऊन टाकतो. भाकरीविषयींही हाच विवेक हवा. निरोगी आतड्याला कोंडा आणि साल हितकर. पण क्रोनमुळें जेथें आतडें बोटभर अरुंद झालें आहे तेथें तोच चोथा अडकून बसूं शकतो, आणि उठावाच्या दिवसांत मऊ भातच बरा.

संशोधनाचा रोख आतां एखाददुसऱ्या जंतूवरून संपूर्ण वस्तीकडे वळला आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील डॉक्टरांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या परीक्षेंत अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रोग्यांच्या आतड्यांत निरोगी माणसांची, नीट तपासून घेतलेली विष्ठा आठवड्यांतून एकदां, अशी सात वेळां सोडली, आणि त्याबरोबर दाह कमी करणारा आहार ठरवून दिला. आठ आठवड्यांनीं या ३५ रोग्यांपैकीं २१ जणांचा रोग शमला; नेहमींची औषधयोजना चालू असलेल्या ३१ पैकीं १० जणांचा. पुढें विष्ठा देणें थांबवून केवळ आहार वर्षाअखेरपर्यंत चालू ठेवला. दाते निवडतांना या डॉक्टरांनीं शहरांतील माणसें घेतलीं नाहींत. ते सारे खेड्यांत राहणारे होते.